करडीचा डबा आणि जवसाची चटणी

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आमच्या घरात सासूबाई करडीशिवाय दुसरं तेल येऊ देत नाहीत. दर उन्हाळ्यात शेतातली करडी घाण्यावर नेतात आणि वर्षाचं तेल काढून आणतात. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. दिवाळीत आला तेव्हा त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. करडीत ओमेगा-६ ठासून भरलेलं असतं, त्याने अंगात सूज वाढते, हृदयाला धोका होतो, असं त्यात होतं. तेव्हापासून सासूबाई नातवाशी फोनवर बोलत नाहीत आणि तेलाचा डबा त्यांनी स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवलाय. ही आवश्यक मेदाम्लं म्हणजे नेमकं काय? ती शरीरात करतात काय? आणि आम्ही करडी ठेवावी की सोडावी?
– एक गृहिणी, औसा तालुका

उत्तर : ताई, आधी तो डबा स्वयंपाकघरात आणा. आजी आणि नातू, दोघांचंही अर्धं बरोबर आहे.

‘आवश्यक’ हा शब्द जाहिरातवाल्यांनी वापरून वापरून गुळगुळीत करून टाकलाय. आमच्या जीवरसायनशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच, की शरीराला ते लागतं, पण शरीराला ते बनवता येत नाही. बाकी बहुतेक चरबी आपलं यकृत स्वतःच बनवतं. भाकरी-साखर जास्त झाली की बनवतं, आपल्याला नको असली तरी बनवतं. फॅटी ॲसिडांपैकी, म्हणजे मेदाम्लांपैकी, फक्त दोघांपुढे ते हात टेकतं. एक लिनोलेइक आम्ल, ओमेगा-६ घराण्याचा मूळ पुरुष. दुसरं अल्फा-लिनोलेनिक आम्ल, ओमेगा-३ घराण्याचा. दोन्ही अठरा कार्बनांच्या साखळ्या. शेपटाकडून मोजत गेलं आणि पहिला दुहेरी बंध सहाव्या कार्बनावर सापडला तर ओमेगा-६, तिसऱ्यावर सापडला तर ओमेगा-३. त्या जागी बंध घालायचं कसब झाडाझुडपांकडे आहे, माणसाकडे नाही.

दुहेरी बंधाने असं काय बिघडतं? साखळी वाकते. कडब्याच्या पेंढ्या एकावर एक रचल्या की गंज कसा घट्ट बसतो. त्याच जागी बाभळीच्या फांद्या रचून बघा, मधे मधे पोकळी राहणारच. तूप सरळ साखळ्यांचं, म्हणून थंडीत थिजतं. करडीचं तेल वाकड्या साखळ्यांचं, ते पौषातही वाहतं. आपल्या प्रत्येक पेशीची भिंत अशाच साखळ्यांची असते. ती कडब्याच्या गंजीसारखी घट्ट झाली तर तिच्यातली दारं नीट उघडत-मिटत नाहीत. डोळ्याचा पडदा आणि मेंदू यांच्या पेशींत तर सगळ्यांत वाकडी साखळी लागते. तिचं नाव डीएचए. ती ओमेगा-३ घराण्यातली.

हे पहिल्यांदा कळलं ते उंदरांमुळे. १९२९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोने उंदरांना साखर, दुधातलं प्रथिन, जीवनसत्त्वं असं सगळं दिलं, फक्त चरबीचा कण दिला नाही. तोपर्यंत चरबी म्हणजे नुसतं जळण, अशीच समजूत होती. पण त्या उंदरांच्या कातडीला खवले आले, शेपट्या सडल्या, केस गळले, वाढ थांबली. लिनोलेइक आम्ल असलेल्या तेलाच्या थोड्या थेंबांनी ते सुधारले. मला त्या प्रयोगातलं सगळ्यांत आवडतं निरीक्षण वेगळंच आहे. ते उंदीर ढसाढसा पाणी प्यायचे, पण तेवढी लघवी करायचे नाहीत. पाणी जायचं कुठं? कातडीतून. नवं मडकं पाझरतं तसं. आपल्या कातडीच्या वरच्या थरात पेशींमधल्या फटी बुजवणारा मेणासारखा लेप असतो आणि तो लेप लिनोलेइक आम्लाशिवाय जमत नाही. म्हणजे करडीतलं हे आम्ल तुमच्या सासूबाईंच्या अंगातलं पाणी अंगातच ठेवतं.

आता सूज. लिनोलेइक आम्लापासून शरीर ॲराकिडोनिक आम्ल करतं आणि त्यापासून प्रोस्टाग्लॅंडिन नावाचे निरोपे. ताप, दुखणं, रक्त गोठणं, बाळंतकळा, जठराच्या अस्तराची राखण, सगळीकडे यांचा हात. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं की ॲस्पिरिन हे निरोपे तयारच होऊ देत नाही. १९८२ चं नोबेल त्यांना, सुने बर्गस्ट्रॉम आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांच्याबरोबर मिळालं. व्हिडिओवाला इथवरचं सांगतो आणि थांबतो. पुढचं असं, की ॲराकिडोनिक आम्ल किती करायचं यावर शरीराचा लगाम घट्ट असतो. माणसांना जास्त लिनोलेइक देऊन जे प्रयोग झाले, त्यांत रक्तातल्या सुजेच्या खुणा वाढलेल्या दिसल्या नाहीत. आणि सूज आलीच नाही तर जखम भरणार कशी, हेही कुणीतरी त्या व्हिडिओवाल्याला विचारायला हवं.

हृदयाच्या धोक्यामागे मात्र एक खरी गोष्ट आहे, ती लपवत नाही. सिडनीत १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना लोणी-चरबीच्या जागी करडीचं तेल आणि करडीचंच मार्गारिन, म्हणजे तेलापासून केलेलं नकली लोणी, दिलं. जुने कागद पुन्हा तपासून २०१३ मध्ये निकाल छापला, तेव्हा करडीच्या गटात मृत्यू जास्त निघाले. त्या मार्गारिनमध्ये ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारी हृदयाला घातक चरबी, असावी, अशी शंका अनेकांनी घेतली. उलट बाजूला, हजारो लोकांना वर्षानुवर्षं पाहणाऱ्या अभ्यासांत लिनोलेइक जास्त खाणाऱ्यांना हृदयविकार कमीच होताना दिसतो. वाद मिटलेला नाही. पण ते जुने कागद तपासणाऱ्यांचा एक मुद्दा मला पटतो. नुसतं ओमेगा-६ देणारं तेल आणि दोन्ही देणारं तेल एका पारड्यात तोलू नये.

इथे नातवाचं अर्धं बरोबर. करडीच्या साध्या तेलात शंभरातले पंच्याहत्तर भाग लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक जवळजवळ शून्य. एका अमेरिकन मुलीची हकीकत मी वर्गात दरवर्षी सांगायची. सहा वर्षांची पोर, पोटात गोळी लागून आतडं बरंचसं काढावं लागलेलं. सगळं अन्न शिरेतून. स्निग्धांश म्हणून करडीच्या तेलाचं दुधासारखं मिश्रण. पाचेक महिन्यांनी तिच्या हातापायांना मुंग्या, बधिरपणा, चालता येईना, डोळ्यांपुढे धूसर. करडी बंद करून सोयाबीनच्या तेलाचं मिश्रण सुरू केलं आणि लक्षणं गेली. राल्फ होलमन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हे छापलं. एकट्या रुग्णावरून सिद्धांत मांडू नये, असं तेव्हाही काही जणांनी बजावलं होतं आणि ते रास्त आहे. हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, “मॅडम, आमच्या घरी तर करडीच हाय की!” मग मी विचारायची, चटणी कशाची आहे?

कारण दोन्ही मेदाम्लांचं पुढचं काम एकाच विकरावर, म्हणजे एन्झाइमवर चालतं. एकच घाणा आणि दोघांचा माल आलाय असं समजा. ज्याची पोती जास्त त्याचीच पाळी लागत राहते, दुसरा बसून राहतो. नुसती करडी खाल्ली तर जे काही थोडं ओमेगा-३ भाजी-डाळीतून येतं, तेही रांगेत मागे पडतं.

आमच्या लहानपणी दुसऱ्याची पोती घरात होती. आई लोखंडी तव्यावर जवस टाकायची. आधी काहीच व्हायचं नाही, मग एकदम तडतड सुरू, दाणे चुलीपर्यंत उडायचे. पहिल्या तडतडीलाच तवा खाली, नाहीतर कडू. मग उखळात लसूण, वाळलेली मिरची, मीठ आणि तो जवस. पाच-सहा घाव पडले की कोरडं कूट ओलसर दिसायला लागायचं, मुसळाला चिकटायचं. “बघ, तेल सुटलं,” आई म्हणायची. ताटात ज्वारीची भाकरी, तिच्यावर चटणी, चटणीत बोटाने खळगा आणि खळग्यात करडीचं कच्चं तेल. ओमेगा-३ चटणीत, ओमेगा-६ खळग्यात.

तेव्हा रानात ज्वारीच्या कडेने करडीची काटेरी ओळ असायची, जनावर आत शिरू नये म्हणूनही, आणि हरभऱ्याच्या बाजूला निळ्या फुलांचं जवस. करडी काढायला पहाटे जावं लागतं. दव आहे तोवर काटा नरम, ऊन चढलं की हाताला फडकी गुंडाळली तरी रक्त निघतं. आता तेवढ्या पहाटे यायला मजूर तयार नाही. करडी कमी झाली याचा बोभाटा झाला. जवस कधी गेलं ते मात्र आपल्याला कळलंही नाही. तुमच्या पत्रातही करडी चार वेळा आलीय आणि जवस एकदाही नाही.

तर ताई, करडी ठेवा, जवस परत आणा. बाईला दिवसाला साधारण १.१ ग्रॅम आणि पुरुषाला १.६ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक पुरतं. चहाच्या चमच्याने सपाट तीन चमचे जवसाच्या कुटात दीड ग्रॅमच्या आसपास मिळतं. फोडणीला मधून मधून सोयाबीनचं तेल वापरलंत तर त्यातही शंभराला सातेक भाग ते असतं. आपल्या लातूर भागात एवढं सोयाबीन पिकतं आणि त्याच्या तेलाला घरात नाक मुरडतात, हे मला कधी समजलं नाही. पुन्हा पुन्हा तळणाला करडी नको, त्याला शेंगदाणा बरा. आणि सासूबाईंना एक सांगा : करडी पोत्यात टिकते, तेल डब्यात टिकत नाही. वर्षाचं एकदम न काढता दोन-दोन महिन्यांचं काढून आणा. घरात माणशी महिन्याला अर्धा-पाऊण किलोवर तेल जात असेल तर ते कुठलं आहे हा प्रश्न नंतरचा.

प्रश्न : मी रोज सकाळी चमचाभर जवस पाण्याबरोबर गिळतो. सहा महिने झाले. कोलेस्टेरॉल होतं तिथेच आहे. कूट करून ठेवलं की त्याला वास येतो म्हणून गिळतो.
– एक निवृत्त कर्मचारी, उदगीर

उत्तर : काका, तुम्ही गिळताय ते तसंच्या तसं बाहेर पडतंय. जवसाची साल चिवट आणि गुळगुळीत असते. दाणा फुटला नाही तर आतलं तेल आतच राहतं. पोट साफ व्हायला उपयोग होत असेल, तेवढाच. भाजून कुटून खा. आणि कूट फोडलं म्हणून कोलेस्टेरॉल धाडकन उतरेल असंही समजू नका. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती चालूच ठेवा.

वासाचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. तुम्ही क्रिकेट खेळला असाल तर बॅटला अळशीचं तेल लावलेलं आठवेल. अळशी म्हणजेच जवस. ते तेल लाकडावर सुकून पातळ कातडं धरतं. शेंगदाण्याचं तेल असं कधीच सुकत नाही. दुहेरी बंध जितके जास्त तितका हवेतला प्राणवायू लवकर चिकटतो. बॅटला जे चांगलं ते खाणाऱ्याला वाईट, कारण तेच खवट होणं.

यात मी स्वतः शिकलेली असूनही फसलेय. मागच्या उन्हाळ्यात एका प्रदर्शनातून लाकडी घाण्याचं जवसाचं तेल आणलं, पारदर्शक बाटलीत, लिटरभर. विकणारा म्हणाला, वर्षभर काही होत नाही. ओट्याजवळच्या खिडकीत ठेवलं. मेमध्ये इकडे पारा चाळिशीच्या वर असतो. पंधरा दिवसांनी बूच उघडलं तर घराला रंग देताना येतो तसा वास. शिवाय मी ते फोडणीला घालून पाहिलं होतं, ती चूक माझीच. जवसाचं तेल तापवायचं नसतं. कूट आठवड्यापुरतंच करा, झाकणाच्या डब्यात, शक्य तर फ्रीजमध्ये. अख्खं जवस मात्र कोरड्या डब्यात महिनोन्‌महिने राहतं.

प्रश्न : मी बी.एस्सी.ला आहे. या मेदाम्लांची कमतरता माणसात खरंच होते का? मला तरी कुणी तसा रुग्ण माहीत नाही.
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : रोज घरचं खाणाऱ्या माणसात ठळक कमतरता जवळजवळ दिसत नाही. ज्वारीतही थोडा स्निग्धांश असतो आणि त्यात लिनोलेइक भरपूर. दिसते ती शिरेतून स्निग्धांशाविना अन्न चाललेल्यांत, आतडं चरबी शोषू शकत नाही अशा आजारांत आणि पूर्वी नुसत्या मलईविरहित दुधावर ठेवलेल्या तान्ह्या बाळांत.

तुला आवडेल अशी एक गोष्ट. बर दांपत्याच्या प्रयोगशाळेतलेच विल्यम ब्राउन स्वतः सहा महिने जवळजवळ चरबीविना राहिले. उंदरांसारखं आपलंही होईल, अशी अपेक्षा. झालं काही नाही. वजन थोडं उतरलं आणि जुनी अर्धशिशी गेली! १९३८ मध्ये ते छापून आलं आणि माणसाला या आम्लांची गरजच नाही, असं बरेच जण धरून चालले. मोठ्या माणसाच्या अंगातल्या चरबीत लिनोलेइकचा साठा केवढा असतो, हे त्या वेळी ध्यानात आलं नव्हतं. शिरेतून चरबीविना अन्न द्यायला लागल्यावर मोठ्यांतही खवले दिसले आणि तो गैरसमज गेला.

परीक्षेसाठी एक नाव लक्षात ठेव : मीड आम्ल. दोन्ही आवश्यक आम्लं मिळाली नाहीत की शरीर ओलेइक आम्लापासून हे पर्यायी आम्ल करू लागतं. रक्तात मीड आम्ल वाढलं आणि ॲराकिडोनिक घटलं, की कमतरता ओळखता येते. घरात ज्वारी संपल्यावर मिलोची, म्हणजे दुष्काळात परदेशातून आलेल्या लाल धान्याची, भाकरी करायचे, तसलं हे काम. पोट भरतं, पण ती ज्वारी नव्हे. तुझ्या आजीला मिलो विचार.

प्रश्न : माझी लेक पाच महिन्यांची गरोदर आहे. आम्ही माळकरी, मासे खात नाही. डॉक्टरांनी डीएचएच्या गोळ्या लिहून दिल्यात. जवसाने भागणार नाही का?
– एक आई, परळी

उत्तर : पूर्ण नाही भागणार. जवसातल्या अल्फा-लिनोलेनिकपासून शरीर डीएचए करतं खरं, पण फारच थोडं, शंभरात एखादा भाग. तरुण बायकांत पुरुषांपेक्षा जरा जास्त होतं, निसर्गाने तेवढी सोय केलीय. पोटातल्या बाळाचा मेंदू शेवटच्या तीन महिन्यांत डीएचए झपाट्याने ओढून घेतो. या काळात दिवसाला किमान २०० मिलिग्रॅम मिळावं, असं सांगतात. माशांनाही ते शेवाळातूनच मिळतं, म्हणून आता थेट शेवाळापासून काढलेलं डीएचए येतं. गोळीच्या डबीवर ‘शेवाळापासून’ असं आहे ना, तेवढं वाचून घ्या आणि आवरणात जिलेटिन नाही ना, तेही. म्हणजे माळेला बाध नाही. डॉक्टरांनी लिहिलंय तर घेऊ द्या.

चटणी जेवणापुरती चालू राहू दे, औषध म्हणून वाटीभर जवस मात्र नको. आणि बाळंतपणानंतर हळिवाचे लाडू करणारच असाल. हळिवाच्या तेलातही तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक असतं.

प्रश्न : गावरान तुपात ही मेदाम्लं किती असतात?
– एक वाचक, गेवराई

उत्तर : नावापुरती. शंभराला दोन-तीन भाग. पुरणपोळीवर तूपच घ्या, पण या हिशोबात ते धरू नका.

प्रश्न : हृदयासाठी माशाच्या तेलाची कॅप्सूल रोज घ्यावी का? आमच्या व्यायामशाळेत सगळे घेतात.
– एक तरुण, परभणी

उत्तर : धडधाकट असाल तर पैसे वाचवा. अमेरिकेत पंचवीस हजारांहून जास्त लोकांना पाच वर्षांच्या आसपास रोज एक ग्रॅम देऊन पाहिलं. २०१८ च्या निकालात झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू हे सगळं मिळून लक्षणीय घट दिसली नाही. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी फार वाढलेल्यांना डॉक्टर मोठ्या मात्रेत देतात, तो वेगळा विषय. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर व्यायामशाळेतल्या सल्ल्यावर अजिबात घेऊ नका. तुमच्याकडे पावसाळ्यात रानात घोळ उगवते ना? पालेभाज्यांत अल्फा-लिनोलेनिकच्या बाबतीत ती बरीच वरची. आईला सांगा, मुगाची डाळ घालून करेल.

प्रश्न : मॅडम, तुम्ही स्वतः कोणतं तेल खाता?
– एक वाचक, लातूर

उत्तर : फोडणीला एक महिना शेंगदाणा, एक महिना सोयाबीन. करडीचं अर्धा लिटर, स्टीलच्या डब्यात, फक्त चटणीवर आणि कांद्याच्या कोशिंबिरीवर. दोघांच्या घरात महिन्याला सव्वा लिटर सगळं मिळून. जवसाची चटणी दर रविवारी. उखळ आता पुतणीकडे असते, मी मिक्सरवर करते आणि यजमान दर वेळी म्हणतात, उखळाची चव येत नाही. येळवसेच्या सणाला पाहुणे होते, त्यात जवस संपलं. तीन रविवार झाले, आणायचं राहूनच गेलंय.